अक्षतांचे चौकोन

“दादा, तुमच्या सीडीत माझ्या पोरीचं तोंडच न्हाई,” असं मावशींनी मला चारचौघांत सांगितलं, आणि मला पहिल्यांदा काय आला असेल तर राग.

रविवारची सकाळ होती. भुकूममधल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर मावशी दर रविवारी रिहे गावाहून भाजी आणि घरचा तांदूळ घेऊन यायच्या. त्या दिवशी मेथीच्या जुड्यांशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक डीव्हीडी होती. त्यांच्या मुलीच्या लग्नाची. मीच शूट केलेली, मीच एडिट केलेली, वर जोडप्याचा फोटो छापून मोठ्या थाटात दिलेली. भाजी घ्यायला उभ्या असलेल्यांत आमच्या मजल्यावरचे दोघे होते, आणि त्यांच्यापुढे मी आदल्याच आठवड्यात माझ्या नव्या एचडी कॅमेऱ्याची फुशारकी मारली होती.

“कसल्या प्लेअरवर बघितली तुम्ही?” मी म्हणालो. “माझ्या लॅपटॉपवर तर एकदम बरोबर दिसते.”

हे वाक्य आठवलं की मला आजही स्वतःला चिमटा काढावासा वाटतो. हिंजवडीत माझी नोकरी दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढण्याची आहे. “माझ्या मशीनवर तर चालतंय” असं कुणी म्हणालं की मी त्याची भर मीटिंगमध्ये खरडपट्टी काढतो. गिऱ्हाईक तुझ्या मशीनवर बसणार आहे का, असं विचारतो. आणि इथे मी गेटवर उभा राहून तेच म्हणत होतो, तेही जिच्याकडे लॅपटॉप नाही अशा बाईला.

मावशी भांडल्या नाहीत. “आसंल,” म्हणाल्या. “आमचा टीवी जुना हाय. पण बाकी समदी मान्सं दिसत्यात की. सरपंच दिसतोय, चेरमन दिसतोय. माझीच पोर कशी दिसंना?”

मी पिशवी घेतली, मेथी घ्यायची विसरलो आणि वर आलो.

मी मूळचा लातूरकडचा. नोकरीसाठी पुण्यात आलो आणि घर परवडेल तिथे, म्हणजे मुळशी तालुक्यात, येऊन राहिलो. कॅमेरा ही माझी हौस. मुळशीत येऊन वर्षं झाली तरी आमची ओळख होती ती वॉचमनशी, दूधवाल्याशी आणि मावशींशी. त्यातही मावशींशी जास्त, कारण त्या मला तोडून बोलायच्या आणि ते मला आवडायचं. मुलीचं लग्न ठरल्याचं त्यांनी सांगितलं, तेव्हा मीच म्हणालो, की शूटिंग माझ्याकडून, हाच माझा आहेर समजा.

लग्नाच्या दिवशी सकाळी रिह्याला त्यांच्या दारातल्या मांडवात मी ट्रायपॉड लावत होतो. मावशी मला बाजूला घेऊन गेल्या. हळदीचे हात पदराला पुसत म्हणाल्या, “दादा, एक करा. अंतरपाट खाली आला की तिचं तोंड नीट घ्या. मी तितं नसनार.”

त्या तिथे का नसणार हे मला विचारावं लागलं नाही. लग्न लागताना मुलीच्या आईनं बघायचं नसतं. मंगलाष्टकं चालू असताना ती मांडवाच्या मागे तुळशीला पाणी घालत उभी असते, पाठ करून. आमच्या घरच्या लग्नांतही मी हे बघत आलो होतो आणि त्याचा कधी विचार केला नव्हता. सगळं गाव जे बघतं ते एकट्या आईला दिसत नाही. तिला कानांनी कळतं. शेवटचं “सावधान” झालं, वाजंत्री सुरू झाली, टाळ्या पडल्या, म्हणजे मुलगी गेली.

मी त्यांना शब्द दिला आणि तो पाळलाही. कॅमेरा मी मुलीच्या चेहऱ्यावर असा रोखून धरला होता, की नवऱ्यामुलाचे नातेवाईक नंतर कुरकुरले. म्हणूनच तर मला राग आला होता. तोंड मी घेतलं होतं, मला पक्कं माहीत होतं.

घरी येऊन मी डीव्हीडी लॅपटॉपला लावली. इतके दिवस मी बघत होतो ती एडिटिंगमधली मूळ फाईल. डिस्क मी फक्त सुरुवातीची दोन मिनिटं तपासली होती, गणपती आणि नावांची पाटी. आता पुढे पळवत मंगलाष्टकांपर्यंत आलो. नवरी अंतरपाटामागे उभी, ठीक. थोडी धूसर, पण ठीक. अंतरपाट खाली आला, चारी बाजूंनी अक्षता उडाल्या, आणि चित्राचे चौकोन झाले. फरशीचे तुकडे इकडेतिकडे सरकावेत तसे कपाळाचे, गालाचे, मुंडावळ्यांचे तुकडे सरकत होते. दहा-बारा सेकंदांनी अक्षता थांबल्या, चौकोन विरघळले आणि गळ्यात हार घातलेली नवरी खाली बघत उभी होती.

मी आधी सगळे परके संशयित पकडले. डिस्क स्वस्तातली असेल, म्हणून दुसऱ्या कंपनीची आणली. लिहिण्याचा वेग जास्त असेल, म्हणून सगळ्यात कमी वेगाने लिहिली. पुढच्या शनिवारी ती घेऊन रिह्याला गेलो. वाटेत मनात ठरवून टाकलं होतं, की बिघाड मावशींच्या प्लेअरमध्येच निघणार.

दोन खोल्यांचं घर. जाड पाठीचा टीव्ही आणि त्यावर विणलेलं फडकं घातलेला प्लेअर. शेजारच्या खाटेवर मावशींचे थोरले दीर, म्हणजे मुलीचे काका, बसले होते. लग्नाचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता, स्थळही त्यांनीच आणलेलं, ताम्हिणी घाट उतरून खाली कोकणातलं. मी डिस्क लावली. सत्कार सुरू झाले. सरपंचांना फेटा, शाल, नारळ. गावच्या विकास सोसायटीच्या चेअरमनना फेटा, शाल, नारळ. दूध डेअरीचे, तालमीचे, भजनी मंडळाचे, शेजारच्या पाच गावांचे. सगळे स्वच्छ. काका प्रत्येकाचं नाव घेऊन मान डोलवत होते.

“झ्याक आलंय की,” ते मावशींना म्हणाले. “तुजं कायतरीच.”

मग लग्न लागलं, आणि पुन्हा चौकोन.

मावशी उठून टीव्हीच्या इतक्या जवळ गेल्या, की त्यांचं नाक काचेला लागेल असं वाटलं. काकांना कुणीतरी बाहेरून हाक मारली, ते गेले. मावशी टीव्हीकडेच बघत म्हणाल्या, “तिला न्हवतं करायचं हे लगीन.”

मी प्लेअर बंद केला.

“कालेजाचं येक वरीस ऱ्हायलं व्हतं. म्हनली, आई, येवडं होऊ दे. मी न्हाई म्हनले. हिचा बाप न्हाई, मान्सं बोलायला लागली, मला भ्या वाटलं. पंधरा दिस बोलली न्हाई माज्याशी. मग येक दिस एकदम म्हनली, तू म्हनशील तसं. आता फोन केला की म्हनती बरं हाय. कवाबी करा, बरं हाय. मला त्येवडं बघायचंय दादा. अंतरपाट निघाला तवा तिचं तोंड कसं व्हतं. मनानं हुबी व्हती का मी हुबी केली म्हनून हुबी व्हती. तोंडानं मान्सं काय बी बोलत्यात. त्या येळंचं तोंड न्हाई खोटं बोलायचं.”

मी ज्याला चित्रातला दोष समजत होतो ते या बाईच्या लेखी दुसरंच काही होतं. तिनं एक प्रश्न विचारून ठेवला होता आणि उत्तराच्या जागी मी तिला फरशीचे तुकडे दिले होते.

तिथून पुढे मी जे केलं ते खरं तर पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. दुसऱ्यांच्या चुका ज्या शिस्तीनं शोधतो त्या शिस्तीनं माझी शोधायला बसलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं.

आधी वाटलं, एचडीचं चित्र मोठं, डीव्हीडीचं लहान, पाचातला एकच ठिपका उरतो, तर चित्र लहान करतानाच काहीतरी बिघडत असेल. त्या प्रसंगाचं एकच मिनिट कापून घेतलं, नीट लहान केलं, वेगळ्या डिस्कवर लिहिलं. आणि चित्र स्वच्छ आलं! डीव्हीडीच्या मानानं उत्तमच. म्हणजे कॅमेरा बरोबर, चित्र लहान करणं बरोबर, प्लेअरही बरोबर. तेच मिनिट अख्ख्या लग्नात घातलं की फुटायचं. मग फरक होता तो फक्त लांबीचा.

लग्नाची फिल्म चार तासांची होती. डिस्कवर इतका ऐवज चांगल्या चित्रात मावतच नाही. पण काकांनी मला बजावलं होतं, की सीडी एकच पाहिजे आणि सत्कार एकसुद्धा कापायचा नाही. ज्याचा कापला तो उद्या तोंड फिरवेल. त्यांचं चूक नव्हतं. गावात राहायचं त्यांना होतं, मला नव्हतं. सत्कारच जवळजवळ दोन तासांचे होते. मी सॉफ्टवेअरमध्ये ‘डिस्कवर बसवा’ या खुणेवर टिचकी मारली आणि चहा प्यायला गेलो. सॉफ्टवेअरनं सांगितलं तसं केलं. होती ती जागा चार तासांना सारखी वाटून टाकली. शाल पांघरून हसत उभ्या असलेल्या चेअरमनला सेकंदाला जेवढी जागा, तेवढीच अंतरपाट निघतानाच्या सेकंदाला.

आता शाल पांघरलेला माणूस हलत नाही. डीव्हीडीत एका चित्रापासून पुढच्या चित्रात जे बदललं तेवढंच मुख्यतः लिहावं लागतं, म्हणून चेअरमनचं थोडक्यात भागतं. पण अक्षता? शेकडो दाणे, प्रत्येक दाणा दर क्षणी नव्या जागी. त्या सेकंदाला हवी होती भरपूर जागा आणि मिळाली चेअरमनइतकीच. मग दाण्यांपायी चेहऱ्याचा बळी गेला. त्यातून मी हौसेनं वरून गुलाबाच्या पाकळ्या पडण्याचा इफेक्ट टाकला होता. म्हणजे अक्षतांवर आणखी पाकळ्या. लग्नातला सगळ्यात मोलाचा क्षण सजवता सजवता मीच तो बुजवला होता. हे कळलं तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून स्वतःला दोन शिव्या दिल्या, लातूरकडच्या.

उपाय दोन डिस्कचा होता. काका ऐकायला तयार नव्हते. “दुसरी सीडी कोन लावतंय? पैल्या सीडीतच मान्सं उठून जात्यात,” ते फोनवर म्हणाले. मी त्यांना सांगितलं, की तुमचे सत्कार पहिल्या डिस्कमध्ये घालतो, वर मोठा ‘एक’ आकडा घालतो, लग्न दुसऱ्या डिस्कमध्ये. ते लगेच खूष झाले. लग्नाच्या व्हिडिओत लग्न दुय्यम आहे, हे इतक्या सहज कुणी कबूल केल्याचं मी पुन्हा पाहिलं नाही.

दुसऱ्या डिस्कमध्ये फक्त लग्न ठेवलं, तासाभराचं, बाकी सगळं पहिलीत. पाकळ्या काढल्या. जागा सारखी वाटायची नाही, आधी सगळं एकदा तपासून जिथे हालचाल जास्त तिथे जास्त द्यायची, अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये होतीच, तिला वेळ दुप्पट लागतो म्हणून मी ती कधी वापरली नव्हती. शनिवारभर लॅपटॉप घरघरत होता. संध्याकाळी डिस्क निघाली. या वेळी मी ती लॅपटॉपवर न बघता शेजाऱ्यांकडून जुना प्लेअर आणून टीव्हीवर लावली, बायकोला शेजारी बसवलं आणि त्या सेकंदांपाशी आल्यावर चित्र एकेक करून पुढे नेलं.

अंतरपाट खाली आला. अक्षता पडल्या, दाणा न् दाणा वेगळा. आणि त्यांच्यामागे मुलीचा चेहरा होता.

तिनं नवऱ्याकडे बघितलंच नाही. अंतरपाट जाताक्षणी तिची मान डावीकडे मागे वळली, मांडवाच्या मागच्या बाजूला, जिकडे तुळस होती. डोळे कुणाला तरी शोधत होते. तोंड किंचित उघडं. बाजारात हात सुटलेलं लेकरू बघतं तशी ती बघत होती. ती रडत नव्हती, पण ती घाबरली होती, चांगलीच घाबरली होती. मग मागे उभ्या असलेल्या मामानं खांद्याला धरून तिला समोर वळवलं, हातात हार दिला, आणि ती खाली बघायला लागली.

शूट करताना मी कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यात हे बघितलं असणारच. एडिट करताना आणि ते एक मिनिट तपासतानाही बघितलं असणार. पण तेव्हा मी फोकस बघत होतो, पाकळ्या कुठून पडाव्यात ते बघत होतो, चौकोन होतात का ते बघत होतो. तीनदा डोळ्यांसमोरून गेलेला चेहरा मला चौथ्यांदा दिसला.

“हे त्यांना द्यायचं?” मी बायकोला विचारलं.

मला एक सोपी वाट दिसत होती. मावशींना म्हणायचं, जमेल तेवढं केलं, यापेक्षा स्वच्छ येत नाही. त्यांना ते पटलं असतं. जुना टीव्ही, नशीब, असं म्हणून त्या गप्प बसल्या असत्या, मुलगी फोनवर बरं आहे म्हणत राहिली असती आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. चौकोनांत दया होती असं मला त्या संध्याकाळी खरोखर वाटलं.

बायकोनं चित्र पुन्हा मागे नेलं. “आपल्या लग्नात माझी आईपण तुळशीपाशी होती,” ती म्हणाली. “मी कशी दिसत होते, हे तिनं मला आजपर्यंत विचारलेलं नाही. या बाई विचारतायत. त्यांचं आहे ते, देऊन टाक. तू कोण मधे?”

मी कोणीच नव्हतो. मी आहेर करणारा होतो.

दुसऱ्या दिवशी रविवार असूनही मावशी गेटवर आल्या नव्हत्या, भातलावणीची घाई होती. मी दुपारी रिह्याला गेलो. त्या खाचरातून नुकत्याच घरी आल्या होत्या, पोटऱ्यांवरचा चिखल अजून ओला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी डिस्क लावली आणि काही न सांगता दारापाशी जाऊन उभा राहिलो, म्हणजे मला त्यांचा चेहरा बघावा लागणार नाही.

मंगलाष्टकं संपली. वाजंत्रीचा आवाज आला.

“परत लावा,” मावशी म्हणाल्या.

मी परत लावलं. मग अजून एकदा. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, “कुनाकडं बगतीया ती?”

मला वाटतं त्यांना माहीत होतं. तरी मी म्हणालो, “तुमच्याकडे.”

“मी तर पाठ करून हुबी व्हते.” त्या हे मला सांगत नव्हत्या, टीव्हीतल्या मुलीला सांगत होत्या. “हाक मारायची न्हाई का गं?”

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं आणि हलवत नव्हतं. इतक्या दिवसांच्या खटपटीनंतर काम नीट झाल्याचं समाधान मला कुठेच सापडलं नाही. मावशींनी ओले हात लुगड्याला पुसले, फळीवरचा बटणांचा मोबाईल घेतला आणि मुलीला फोन लावला. पलीकडून उचलला गेला. नेहमीचे दोन शब्द आले असावेत, कारण मावशींनी ते मधेच तोडले.

“ऱ्हाऊ दे ते,” त्या म्हणाल्या. “उद्या येतीया मी. लावनी ऱ्हाऊ दे पडली तशी. कालेजाचं काय करायचं ते बी बोलू, तुज्या सासूसंगं मी बोलती. आगं, मी बगितलं आज. बगितलं म्या तुजं तोंड.”

मग त्या लहानशा फोनमधून मुलीचं रडणं दारापर्यंत ऐकू यायला लागलं. मावशींनी तिला गप्प केलं नाही. खाली बसल्या, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि म्हणाल्या, “रड. मी हाय हितं.”